हीटिंगच्या प्लास्टिक पाइपचा तोच तोच जॉइंट परत परत गळतोय? आधी हे बघा

तोच कोपरा, तोच एल्बो (पाइपचं काटकोनी वळण), दोन-तीनदा दुरुस्त करून झालाय, प्लंबर पैसे घेऊन गेलाय, आणि हीटिंग चालू केलं की काही दिवसांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. ही तक्रार इतक्या घरांतून ऐकू येते की एकदा नीट सगळं लिहून काढावं असं वाटलं. आणि लोक जिथे फसतात ते पहिलंच सांगून टाकतो, एकदा गळालेला जॉइंट आणि परत परत गळणारा जॉइंट हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यात जोडताना काहीतरी राहिलेलं असतं, नीट जोडला की विषय संपतो. दुसऱ्यात जॉइंटवर कुठून तरी ताण येत असतो, एकतर पाइप त्याला ओढतोय किंवा पिळतोय, नाहीतर सिस्टीममधलं प्रेशर नको तेवढं चढतंय, नाहीतर त्या प्लास्टिकला झेपेल त्यापेक्षा गरम पाणी त्यातून जातंय. तो ताण तसाच ठेवून नुसती फिटिंग बदलत बसलात तर आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी असा प्रकार होतो, नवीन फिटिंगपण त्याच वाटेने जाते.

म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी एकच गोष्ट करा, कधी गळतंय ते बघा. कुठे गळतंय ते सगळेच बघतात, कधी ते कोणी बघत नाही, आणि अर्धं निदान तर तिथेच होतं.

सिस्टीम थंड असताना थेंब पडतात आणि गरम झाली की आपोआप थांबतात, असं असेल तर पाइप थंड होताना आकसतोय आणि जॉइंटमधून मागे ओढला जातोय, किंवा आतली रबरी ओ-रिंग कडक होऊन तिची लवचिकता गेलीय. गरम असताना प्लास्टिक फुगतं, फट बुजते, म्हणून दिवसभर कोरडं दिसतं आणि पहाटे खाली डबकं. उलट गरम झाल्यावरच गळत असेल तर आधी प्रेशर गेज बघा, पाणी तापताना काटा भराभर वर जातोय का. आणि फक्त तापायला सुरुवात झाली की पाच-दहा मिनिटं पाझरतं आणि मग बंद, सोबत भिंतीतून किंवा फरशीखालून टिक टिक असा आवाज, असं असेल तर पाइप सरकताना कुठेतरी अडकतोय आणि अडकून सुटतोय, त्या हिसक्याने जॉइंट हलतोय.

थेंब जिथून पडतो तिथेच गळती असते असंही नाही हां. पाणी पाइपच्या खालच्या बाजूने घसरत बरंच लांब जातं आणि पहिल्या क्लॅम्पपाशी (पाइप भिंतीला धरून ठेवणारी पट्टी) किंवा वाकणापाशी खाली पडतं. सगळं कोरड्या फडक्याने पुसा, पाइपवर इन्सुलेशन असेल तर तेवढ्या भागापुरतं काढा, आणि प्रत्येक जॉइंटभोवती टिश्यू पेपर गुंडाळून ठेवा, जो सगळ्यात वरचा कागद ओला होईल तिथून शोध सुरू करायचा. जुनी गळती असेल तर टिश्यूचीही गरज पडत नाही, नटच्या कडेला पांढरट किंवा हिरवट खरपुडी धरलेली दिसते, पितळ असेल तर हिरवी जास्त. ही खरपुडी म्हणजे पाण्यातले क्षार, हिरवी असेल तर पितळाचा गंजही, पाणी गरम पाइपवर वाळून जातं म्हणून थेंब कधी दिसतच नाही आणि लोक म्हणतात गळत नाहीये पण प्रेशर रोज उतरतंय. खरपुडी नखाने काढून बघा, खाली ओलसर लागलं तर गळती चालू आहे, कोरडी ठणठणीत असेल तर कधीतरी पूर्वी होऊन गेलेली असू शकते.

आता प्रेशर. बंद सिस्टीममध्ये पाणी तापलं की फुगतं, १० अंशांवरून ८० अंशांपर्यंत गेलं की जवळपास ३ टक्के, म्हणजे सिस्टीममध्ये १०० लिटर पाणी असेल तर ३ लिटर जास्तीचं पाणी कुठेतरी मावायला लागतं. ते मावतं एक्स्पान्शन टँकमध्ये, म्हणजे तो लाल किंवा पांढरा डबा ज्याच्या आत रबरी पडदा असतो आणि पडद्यामागे हवा. ही हवा हळूहळू कमी होत जाते, आणि हवा गेली की टँक नुसता पाण्याने भरलेला डबा होतो, जास्तीच्या पाण्याला जागाच उरत नाही. मग थंड असताना १ बार (बार हे प्रेशरचं माप) दाखवणारा काटा गरम झाल्यावर अडीच-तीनला जाऊन भिडतो. घरगुती सिस्टीमचा सेफ्टी व्हॉल्व्ह साधारण ३ बारला उघडतो, पाणी बाहेर फेकतो, थंड झाल्यावर प्रेशर शून्याच्या आसपास येतं, घरातले पुन्हा पाणी भरतात, आणि हे चक्र रोज चालू राहतं. या चक्रात जो जॉइंट सगळ्यात कच्चा तो आधी गळायला लागतो आणि सगळा दोष त्याच्यावर जातो. खरा दोष टँकचा.

तपासायला सोपं आहे. सिस्टीम बंद करून थंड होऊ द्या, टँकच्या बाजूचं पाण्याचं प्रेशर शून्यावर आणा (हे महत्त्वाचं, पाणी भरलेलं असताना हवा मोजली तर आकडा खोटा येतो), मग टँकच्या मागच्या टोपीखालच्या व्हॉल्व्हला टायरचा गेज लावा. व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर हवेऐवजी पाणी आलं तर पडदा फाटलाय, टँक बदला, दुसरा इलाज नाही. हवा आहे पण कमी आहे, तर पंपाने भरा. किती, तर टँकपासून सगळ्यात वरच्या रेडिएटरपर्यंत जेवढे मीटर उंची तेवढे ०.१ बार आणि वर दोन-तीन दशांश जास्त, एक-दोन मजली घरात हे बहुतेक ०.८ ते १ बारच्या आसपास येतं, आणि मग थंड सिस्टीम त्याहून ०.२-०.३ बार जास्त ठेवून भरायची. टँकची साइज पण बघा, सगळ्या पाण्याच्या साधारण १० टक्के हा ढोबळ हिशोब आहे, नंतर चार रेडिएटर वाढवले आणि टँक तोच राहिला असं फार ठिकाणी दिसतं.

प्रेशर ठीक असेल, काटा थंड-गरम मिळून अर्ध्या-एक बारनेच हलत असेल, तर संशय पाइपच्या फुगण्या-आकसण्यावर घ्या. माझ्या मते परत परत होणाऱ्या गळतीचं हेच सगळ्यात मोठं कारण आहे आणि याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं, कारण लोखंडी किंवा तांब्याच्या पाइपची सवय असलेला माणूस प्लास्टिक पाइपपण तसाच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत गच्च बसवून टाकतो. आकडेच बघा. साधा पीपीआर पाइप (तापवून वेल्ड करतात तो प्लास्टिकचा) दर मीटरला दर अंशाला ०.१५ मिलिमीटर वाढतो, म्हणजे १० मीटरचा सरळ पाइप ५० अंशांनी तापला की ७५ मिलिमीटर लांब होणार, चांगलं चार बोटं. तेवढाच तांब्याचा पाइप साडेआठ मिलिमीटर वाढतो. ॲल्युमिनियमचा थर असलेला पीपीआर ०.०३ च्या आसपास असतो, म्हणजे १५ मिलिमीटर, काचतंतूवाला त्याहून थोडा जास्त. पेक्स पाइप (लवचिक प्लास्टिकचा) ॲल्युमिनियमशिवाय असेल तर पीपीआरसारखाच किंवा जास्तच वाढतो. आता हे ७५ मिलिमीटर जायचे कुठे? दोन्ही टोकं भिंतीत चिणलेली असतील तर पाइप सापासारखा वाकडा होतो आणि टोकाच्या एल्बोवर तिरका जोर येतो, रोज सकाळ-संध्याकाळ, सगळा हंगामभर.

उपाय फिटिंगच्या दुकानात नाही, क्लॅम्पमध्ये आहे. सगळे क्लॅम्प आवळून ठेवायचे नसतात. सरळ लाइनमध्ये एकच जागा घट्ट धरायची, बहुतेक मधली किंवा टी-जवळची (जिथून फाटा निघतो), बाकीच्या क्लॅम्पमधून पाइप सहज सरकला पाहिजे. टोकाला वळण घेताना एल्बोच्या अगदी जवळ क्लॅम्प मारायचा नाही, वळणानंतरचा काही भाग मोकळा ठेवायचा म्हणजे तो वाकून वाढ गिळून टाकतो. किती मोकळा याचा हिशोब असतो, पाइपचा बाहेरचा व्यास गुणिले वाढ, त्याचं वर्गमूळ, आणि त्याला मटेरियलच्या आकड्याने गुणायचं, तो आकडा कंपनीच्या कॅटलॉगमध्ये दिलेला असतो. पीपीआरला २० धरला तर २५ मिलिमीटरचा पाइप आणि १५ मिलिमीटर वाढ यासाठी साधारण ३९ सेंटिमीटर येतं. म्हणजे वळणानंतर ३९ सेंटिमीटर पाइप मोकळा हवा, आणि लोकांनी तिथे ५ सेंटिमीटरवर क्लॅम्प ठोकलेला असतो. एवढा एक क्लॅम्प काढून पुढे सरकवल्यावर वर्षानुवर्षं रडणारा जॉइंट शांत होतो, अर्थात तोपर्यंत त्याचं नुकसान झालं नसेल तर. भिंतीतून किंवा स्लॅबमधून पाइप जातो तिथे पण बाहेरून मोठी नळी हवी, सिमेंटने पाइप जखडला की तिथून पुढचा सगळा जोर पहिल्या जॉइंटवर.

तिसरी गोष्ट तापमान. पाइपवर छापलेलं वाचा, क्लास ४ म्हणजे फ्लोअर हीटिंग आणि कमी तापमानाचे रेडिएटर, क्लास ५ म्हणजे जास्त तापमानाचे रेडिएटर, क्लास १ आणि २ हे नळाच्या गरम पाण्याचे, आणि प्रत्येक क्लाससोबत किती बार तेही छापलेलं असतं. क्लास ५ च्या ५० वर्षांच्या हिशोबात ८० अंशांची १० वर्षं आणि ९० अंशांचं फक्त १ वर्ष धरलेलं आहे, बाकी वेळ पाणी त्याहून थंड असणार असं गृहीत आहे. म्हणजे बॉयलर कायम ८५ वर ठेवून बसलात तर पाइप आणि त्यातल्या ओ-रिंगा लवकर म्हाताऱ्या होणारच. लाकूड किंवा कोळशाच्या बॉयलरचं तर अजून अवघड, लाइट गेली, पंप थांबला, आग आत चालूच, पाणी उकळीला येतं. म्हणून बॉयलरजवळचा किमान पहिला मीटर धातूचाच पाइप हवा, आणि तुमचा गळणारा जॉइंट बॉयलरच्या तोंडापाशीच असेल तर पुढचं काही वाचायच्या आधी तो तुकडा धातूचा करून घ्या.

हे तिन्ही तपासून झालं की मग जॉइंटकडे या. आता कुठल्या प्रकारचा जॉइंट आहे त्यावर पुढचं सगळं.

पीपीआर वेल्डिंगचा जॉइंट गळाला तर तो कापून टाकायचा, बस. तो पुन्हा तापवून दाबता येत नाही, वरून प्लास्टिकची काडी वितळवून थापणं म्हणजे वरवरची मलमपट्टी, आत पाणी त्याच वाटेने येत राहतं. कापलेला जॉइंट फेकू नका, करवतीने उभा चिरा आणि बघा, खूप शिकायला मिळतं. चांगल्या जॉइंटमध्ये पाइप आणि फिटिंग यांच्यामधली रेघच दिसत नाही, एकसंध दिसतं, आणि तोंडाशी वितळलेल्या प्लास्टिकची कडी सगळीकडून सारखी असते. खराब जॉइंटमध्ये एका बाजूला केसाएवढी काळपट रेघ जाते, म्हणजे तिथे चिकटलंच नाही, किंवा बारीक बारीक फोड दिसतात, म्हणजे वेल्ड करताना पाइपमध्ये पाणी होतं आणि त्याची वाफ झाली. दुरुस्तीच्या कामात हे फोड जास्त दिसतात, कारण लाइन पूर्ण रिकामी केलेली नसते, थेंब थेंब येत असतो आणि तशातच मशीन लावलं जातं. दुरुस्ती परत गळते त्याचं हे एक मोठं कारण. खालच्या पातळीवरून पाणी काढून घ्या, टोक वाळेपर्यंत थांबा, थेंब थांबतच नसेल तर तिथे वेल्डिंगचा हट्ट सोडा आणि मेकॅनिकल फिटिंग वापरा.

वेल्डिंगचे आकडे लक्षात ठेवा, डाय (मशीनचा तापणारा साचा) २६० अंश, २० मिलिमीटरच्या पाइपला ५ सेकंद, २५ ला ७, ३२ ला ८, ४० ला १२. तापवून काढल्यावर ४ सेकंदांत (३२ आणि ४० ला ६) आत गेलं पाहिजे, सरळ ढकलायचं, फिरवायचं नाही. गोल गोल फिरवत घुसवायची सवय खूप जणांना आहे, त्याने वितळलेला थर पुसला जातो. मग २० आणि २५ ला २ मिनिटं, ३२ आणि ४० ला ४ मिनिटं हात लावायचा नाही. पाइप किती आत जायला हवा याची खूण आधी पेन्सिलने करा, २० ला साधारण १४ मिलिमीटर, २५ ला १६. जास्त ढकललं किंवा जास्त तापवलं तर कडी आतल्या बाजूला येऊन भोक अरुंद करते आणि तो रेडिएटर मग कधी नीट तापतच नाही. ॲल्युमिनियमवाला पाइप असेल तर थर बाहेरच्या बाजूला आहे की मध्ये ते बघून त्याप्रमाणे शेव्हरने (थर तासायचं हत्यार) तासायचा, तसाच वेल्ड केला तर पाणी थरांच्या मधे शिरतं आणि जॉइंटपासून लांब कुठेतरी पाइपला फुगे येतात. काचतंतूवाल्याला तासायची गरज नसते.

पुश-फिट, म्हणजे नुसतं दाबून बसवायची फिटिंग. गळत असेल तर थंड करून, प्रेशर काढून, सोडवा आणि ओ-रिंग बाहेर काढून हातात घ्या. एका बाजूने चपटी झालीय, दाबल्यावर परत गोल होत नाही, नखाने दाबलं तर खूण तशीच राहते, तर ती तापमानाने गेलीय. एका जागी छोटा तुकडा उडालाय, तर पाइप तिरका कापलेला होता आणि धारदार कडेने ती कापली गेली. पाइपच्या टोकावर उभा ओरखडा असेल तर ओ-रिंग कितीही नवी घाला, त्या ओरखड्यातून पाणी येणारच, तेवढं टोक कापून टाका. कापायला कटरच वापरा, करवत नाही. आणि पाइपच्या आत घालायची ती छोटी नळी, इन्सर्ट, ती आहे ना ते बघा, तिच्याशिवाय गरम झालेला मऊ पाइप आतल्या आत दबतो आणि पकड सुटते. लावायला हात लागेल ते ग्रीस घेऊ नका, बहुतेक ओ-रिंगा ईपीडीएम रबरच्या असतात आणि पेट्रोलियम जेली किंवा खनिज तेलाच्या ग्रीसने हे रबर फुगतं आणि खराब होतं. सिलिकॉन ग्रीस, नाहीतर नुसतं पाणी.

मल्टीलेयर पाइपच्या (प्लास्टिकच्या थरांमध्ये ॲल्युमिनियम असलेल्या) नटवाल्या फिटिंगा पहिल्या काही गरम-थंड चक्रांनंतर थोड्या ढिल्या होतात, थंड असताना पाव फेरा आवळा. पण पाव म्हणजे पाव, आणि तेही एकदाच. दर हिवाळ्यात आवळायला लागत असेल तर पाइप पिळला जातोय किंवा आतली रिंग गेलीय, आणि आवळून आवळून नटखालची फटीची रिंग पाइपमध्ये रुतते. जोडताना रीमरने (पाइपचं तोंड नीट करायचं हत्यार) टोक गोल करून आतली कड तासलेली नसेल तर इन्सर्ट घालतानाच ओ-रिंगा सरकतात, हा दोष सोडवून बघितल्याशिवाय कळत नाही. भिंतीत किंवा फरशीत असा नटवाला जॉइंट गाडलेला असेल तर तो बाहेर काढायचा किंवा प्रेस फिटिंग (मशीनच्या जबड्याने दाबून बसवायची) करायची, गाडलेल्या जागी नट नकोच. प्रेस फिटिंगमध्ये मात्र जबड्याचा प्रोफाइल त्या फिटिंगचाच हवा, दुसऱ्या प्रोफाइलने दाबलेली फिटिंग काही काळ टिकते आणि मग पाझरते, ती पुन्हा दाबायची नसते, बदलायची.

प्लास्टिक आणि धातू जिथे भेटतात ते आटे हे वेगळंच प्रकरण. फिटिंगमध्ये पितळी आटे बसवलेले असतील तरच धातूचा नर भाग त्यात घाला, नुसत्या प्लास्टिकच्या आट्यात टेफ्लॉन भरभरून घालून पान्याने आवळलं की प्लास्टिक आतून ताणलं जातं आणि पहिल्या थंडीत उभी चीर जाते. पितळी आटे असले तरी जास्त धागा किंवा टेप घालून ताकद लावली तर पितळ प्लास्टिकमध्ये फिरतं, आणि मग गळती आट्यातून नाही तर पितळ आणि प्लास्टिकच्या मधून येते. ती कशानेच थांबत नाही, फिटिंग बदलाच. आवळताना फिटिंग दुसऱ्या पान्याने धरून ठेवा म्हणजे पिळ पुढच्या वेल्डपर्यंत जात नाही.

एम-सील, इपॉक्सी, फेव्हिक्विक, सिलिकॉन, यातलं काहीही पीपीआर आणि पेक्सवर टिकत नाही, या प्लास्टिकच्या पृष्ठभागाला गोंद धरतच नाही, आज घट्ट वाटतं आणि पाइप तापून सरकला की खपली निघते. रात्रीची वेळ आहे, पाणी थांबवायचंच आहे, तर स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन टेप ताणून गुंडाळा किंवा रबर लावलेला रिपेअर क्लॅम्प लावा, आणि बॉयलरचं तापमान खाली आणा. सिस्टीममध्ये ओतायचं लीक सीलर मी तरी शेवटचा पर्याय म्हणूनच सांगेन, सुटलेला जॉइंट त्याने जुळत नाही आणि गाळ झाला तर बॉयलरच्या अरुंद वाटा आणि व्हॉल्व्ह अडकायची भीती असते. आणि रोज थोडं थोडं पाणी भरत राहणं हा तर अजिबात उपाय नाही, प्रत्येक वेळी ताजं पाणी ताजा ऑक्सिजन आणि क्षार घेऊन येतं, लोखंडी रेडिएटर आतून गंजतात, पाणी काळं होतं, आणि प्लास्टिकच्या गळतीपायी लोखंडाचा खर्च मागे लागतो.

फरशीखालच्या लाइनमध्ये गळती वाटत असेल तर फोडाफोड करायच्या आधी मॅनिफोल्डवर (जिथून फरशीखालच्या सगळ्या लाइन फुटतात) एकेक लूप, म्हणजे एकेक लाइन, बंद करून प्रेशर बघा, जो बंद केल्यावर काटा स्थिर राहतो तो दोषी. दुरुस्तीनंतर टेस्ट करताना एक गोष्ट ध्यानात ठेवा, प्लास्टिक पाइप प्रेशरखाली थोडा ताणला जातो, त्यामुळे पहिला अर्धा तास काटा खाली येतो आणि ती गळती नसते. पुन्हा प्रेशर वाढवून घ्या, पाणी आणि खोली एकाच तापमानाला येऊ द्या, मग मोजायला सुरुवात करा.

काम करताना बॉयलरची लाइट बंद, पाणी हाताला सोसेल इतकं थंड, आणि खाली इलेक्ट्रिकचं काही असेल तर झाकून. जॉइंट झाला की लगेच इन्सुलेशन चढवू नका किंवा प्लास्टर मारू नका, गरम-थंडची पाच-सहा चक्रं होऊ द्या, टिश्यू गुंडाळलेला राहू द्या. रेडिएटरमधली हवा काढल्यावर प्रेशर उतरतंच, ते भरून घ्या आणि त्यानंतरचा आकडा लिहून ठेवा, सोबत पाण्याचं तापमान. पुढच्या आठवड्यात काटा बघाल तेव्हा तेवढ्याच तापमानाला बघा, सकाळचा थंड आकडा रात्रीच्या गरम आकड्याशी ताडून बघितला तर नसलेली गळती शोधत बसाल.